आकड्यावरची चिकटपट्टी

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुमच्या हातात बागेला पाणी घालायचा पाइप आहे असं समजा. पार कोपऱ्यातल्या कुंडीत पाणी पोचवायचं आहे, पण तुम्ही जागचं हलायचं नाही. नळाला जोर असेल तर पाइप जवळजवळ आडवा धरला तरी धार सुसाट कुंडीत जाते. आता आत कोणीतरी नळ अर्धा बंद केला. धार मध्येच मान टाकते. काय कराल? पाइपाचं तोंड थोडं वर उचलाल. धार वर चढेल, छान कमान घेईल आणि कुंडीत पडेल. फार वर उचललंत तर तुमच्याच पायावर पडेल आणि चपला भिजतील. म्हणजे पाइप किती वर धरायचा हे कशावर ठरलं? शेजारचा मुलगा किती वर धरतो यावर नाही. तुमच्या नळाला जोर किती, यावर.

एवढं लक्षात ठेवा, पाइप ठेवून द्या आणि आता हातात गोल्फची सगळ्यात लांब काठी घ्या. तिला ड्रायव्हर म्हणतात. तिचं डोकं बटाट्याएवढं, म्हणजे चांगल्या मोठ्या बटाट्याएवढं असतं. ते जमिनीवर ठेवून नीट बघा. चेंडूला भिडणारी सपाट बाजू अगदी सरळ उभी नसते, आरामखुर्चीच्या पाठीसारखी किंचित मागे कललेली असते. हा जो कल, त्याला लॉफ्ट म्हणतात. तो अंशांत मोजतात. नऊ अंश म्हणजे कल थोडा, बारा अंश म्हणजे जास्त. पाइपाचं तोंड किती वर, तसंच हे.

आमच्या गोष्टीतल्या मुलीला पाइपाचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला फक्त आकडे माहीत होते, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तिला सगळे भिंगरी म्हणत. कारण ती एका जागी बसत नसे. जेवताना खुर्चीवर एक गुडघा वर, अभ्यास करताना टेबलाखाली पायांचा ठेका, आणि आईच्या चष्म्याच्या दुकानात गेली की फिरत्या स्टुलावर गरागरा. आई म्हणायची, "अगं, त्या स्टुलाला चक्कर येईल." पण हातात ड्रायव्हर आला की भिंगरी थांबायची. टीवर, म्हणजे त्या छोट्याशा लाकडी खुंटीवर, चेंडू ठेवला की तो सुटून जाईपर्यंत तिच्या अंगात काही हलत नसे. म्हणून तर तिला तो खेळ आवडायचा.

तिचा ड्रायव्हर नवीन पद्धतीचा होता. दांडा जिथे डोक्याला मिळतो, त्या मानेवर आकडे कोरलेले होते, नऊपासून बारापर्यंत. छोट्या किल्लीने स्क्रू सैल करायचा, मान फिरवायची, हवा तो आकडा खुणेसमोर आणायचा आणि पुन्हा आवळायचं. मागच्या वर्षी तो घेतला तेव्हा गोल्फ शिकवणाऱ्या सरांनी स्वतः मान बारावर लावून दिली होती. किल्ली भिंगरीच्या हातात देताना म्हणाले होते, "ही जपून ठेव. पण मान फिरवावीशी वाटली तर आधी मला विचार."

वर्षभर तिला तसं वाटलंच नाही. मग मुलांच्या संघात एक जागा रिकामी झाली.

त्या जागेसाठी दोघंच होते. एक भिंगरी आणि दुसरा शिट्टी. प्रत्येक फटक्यानंतर चेंडू जाईल तिकडे बघत तो लांब शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं ते नाव. वयाने तिच्याएवढाच, पण बोलण्यात बरोबर दुप्पट. शनिवारी सकाळी तळ्याकाठावरून दोघांनी तीन-तीन चेंडू मारायचे, आणि ज्याचे जास्त चेंडू तळ्यापलीकडे पडतील त्याला जागा, असं सरांनी जाहीर केलं. भिंगरीचा दादा त्याच संघात होता. पुढच्या महिन्यात संघ बसने परगावी खेळायला जाणार होता. दादाच्या शेजारची खिडकीची जागा भिंगरीने मनातल्या मनात केव्हाच धरून ठेवली होती.

सोमवारी सरावाच्या मैदानावर शिट्टीने सहज वाकून तिच्या ड्रायव्हरची मान बघितली.

"बाराचा?" तो म्हणाला. "बारा अजून?"

"मग? तुझा कितीचा?"

"नऊचा. तुझ्या दादाचा पण नऊचाच. विचार त्याला." त्याने स्वतःचा ड्रायव्हर खांद्यावर टाकला. "बाराने चेंडू वर जातो गं, लांब नाही जात. बारा म्हणजे शिकाऊ लोकांचा. सायकलच्या मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तसं."

"चेंडू मारताना तुझी जीभ मध्ये येत नाही हे एक बरंय," भिंगरी म्हणाली. पण तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. शिट्टी पाणी प्यायला गेला तशी तिने पिशवीच्या तळातून किल्ली काढली, सर कुठे आहेत ते पाहिलं, आणि मान फिरवून नऊवर आणली. दहा नाही, अकरा नाही. थेट नऊ.

आणि गंमत बघा. पहिलाच चेंडू लांब गेला. तो गवतावरून जेमतेम वर उठला, लवकर खाली आला आणि कडक सुकलेल्या जमिनीवर टप्पे घेत, घरंगळत, शिट्टीच्या चेंडूला मागे टाकून थांबला. शिट्टीचे ओठ शिट्टीसाठी चंबू झालेले तसेच राहिले.

त्या एका चेंडूने भिंगरीचा घात केला. तो पडला कुठे हे तिने पाहिलंच नाही. तो थांबला कुठे, एवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काहीतरी बिनसलं. चेंडू उजवीकडे पळू लागला. मंगळवारी थोडा, बुधवारी जास्त. भिंगरी डावीकडे तोंड करून उभी राहू लागली, तरी तो ऐनवेळी उजवीकडे वळायचाच, हाक मारल्यावर न ऐकणाऱ्या कुत्र्यासारखा. शिवाय वर उठायचं नाव नाही. मग तिने शरीर मागे टाकून, चेंडूला खालून चमच्याने उचलल्यासारखं मारायला सुरुवात केली.

"अंग मागे का टाकतेस?" सरांनी विचारलं.

"नाही टाकत."

"टाकतेस. उजव्या पायावर रेलून राहतेस, बस चुकलेल्या माणसासारखी. मागच्या आठवड्यापर्यंत तुझं काठी फिरवणं किती मोकळं होतं. झालंय काय?"

भिंगरीने दुसरा चेंडू टीवर ठेवला. मान फिरवली हे सांगायचं म्हणजे न विचारता फिरवली हेही सांगायचं. आणि परत बारावर आणायची तर शिट्टी बघणार. तो आता रोज येताजाता मानेवर नजर टाकायचा आणि म्हणायचा, "नऊ ना? मग ठीक." सर बिचारे तिचे पाय सरळ करत बसले, खांदा धरून दाखवत बसले. आजार मानेला होता आणि औषध पायांना चाललं होतं.

घरीही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना पाण्याचा पेला सांडला. दार लावून आली आणि लावलं का ते बघायला परत गेली. हातात काही नसताना हात फिरवायची, स्वयंपाकघरात, जिन्यात, आरशासमोर. एकदा तर दादाच्या कानाला वारा लागला.

"मला मारून तळं पार होणार आहे का?" दादा म्हणाला.

"तू बाजूला हो ना."

"मी पलंगावर झोपलोय. अजून किती बाजूला होऊ?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती आईच्या दुकानात आली. सराव संध्याकाळी होता, तोवर वेळ जाता जात नव्हता. दुकान लांबट आणि अरुंद. एका भिंतीवर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी ओळीने टांगलेल्या, त्यामुळे आत येणाऱ्याला वाटावं, डोळे नसलेली बरीच माणसं आपल्याकडे बघताहेत. मागे पडद्याआड नंबर तपासायची खोली. तिथे एक उंच खुर्ची, समोर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि लाकडी पेटीत खाचाखाचांत उभी ठेवलेली गोल भिंगं.

खुर्चीवर शिंपीकाका बसले होते. समोरच्या गल्लीत त्यांचं दुकान. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं, पण चष्म्याचा नंबर वाढलाय हे मान्य नव्हतं.

"ताई, दीडचाच द्या," ते म्हणत होते. "माझ्या साडूला दीडच लागतो. आणि तो माझ्याहून मोठा आहे."

"मग सुई त्यांच्याकडूनच ओवून आणत जा," आई म्हणाली.

"तसं नव्हे. पण मी त्याच्याहून वरचा नंबर लावून लग्नाकार्यात फिरू?"

"काका, चष्मा तुम्ही घालणार की साडू?"

आईने त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली, पेटीतून एक भिंग उचललं आणि त्यावरचा आकडा अंगठ्याखाली झाकून ते चौकटीत सरकवलं. मग त्यांच्या हातात सुई आणि दोरा दिला. तक्ता नाही. सुई आणि दोरा.

"हे बरं?" तिने विचारलं. मग भिंग बदललं. "की हे बरं?"

"किती आहे हे?"

"ते नंतर. हे बरं की आधीचं?"

"आधीचं. नाही, थांबा. हे." काकांनी दोरा नेढ्याशी नेला. "पण आकडा सांगा ना."

"आकडा सांगितला की तुम्ही सुई बघायचं सोडून आकडाच बघत बसाल."

पडद्याच्या फटीतून भिंगरी पाहत होती. स्टूल फिरायचं थांबलं होतं. आईने पुन्हा भिंग काढलं, पाठ वळवली, आणि भिंगरीला स्पष्ट दिसलं, तिने तेच भिंग पुसून परत घातलं.

"आणि आता?"

"हे वाईट," काका म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "नाही, सारखंच वाटतंय."

"सारखंच आहे," आई म्हणाली. "म्हणजे आता तुम्ही खरं बोलायला लागलात."

शेवटच्या भिंगाबरोबर दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यातून गेला. काकांनी तो ओढून पाहिला, पुन्हा काढला, पुन्हा ओवला. मग लहान मुलासारखे हसले. आईने अंगठा बाजूला करून आकडा दाखवला. अडीच. काकांनी तो वाचला आणि साडूचं नावही काढलं नाही.

"वर्षाने परत दाखवायला या," आई म्हणाली. "नंबर बदलतो."

काका गेल्यावर भिंगरी पडद्याआड शिरली.

"आई, तू आकडा झाकतेस कशाला?"

"लाजेखातर कोणी कमीचा चष्मा नेला तर दुसऱ्या दिवशी बोटात सुई घुसते त्याच्या. आणि शिव्या मला बसतात." आई भिंगं खाचांत परत लावत होती. "का गं? आणि तू आज इतकी चुळबुळ का करतेयस? मुंग्या चावताहेत का?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "मला थोडी चिकटपट्टी देशील? ती काळी."

सरावाला जाताना वाटेतच तिने दादाला सगळं सांगितलं. चालता चालता, त्याच्याकडे न बघता, भराभर.

"नऊवर?" दादा थांबला. "म्हणून तो उजवीकडे पळतोय. अगं, अशा ड्रायव्हरची मान खाली आणली की कल तर कमी होतोच, पण त्या सपाट बाजूचं तोंडही थोडं बाहेरच्या अंगाला वळतं. आणि तू बसलीस अंग मागे टाकत."

"पण तुझा पण नऊचाच आहे."

"मी तुझ्याहून दीड हात उंच आहे. माझा वेग बघ, तुझा बघ. मला बारा दिला तर माझा चेंडू पतंगासारखा वर जाऊन तिथेच हवा खात बसेल."

"मग मला किती?"

"मला काय माहीत? सर म्हणाले होते बारा."

"ते मागच्या वर्षी," भिंगरी म्हणाली. "तेव्हा माझी ही विजार घोट्याखाली येत होती." तिने पाय पुढे करून दाखवला. विजारीची किनार पोटरीपर्यंत चढली होती. "ऐक. तू पाठ करून मान फिरवायची, वर ही पट्टी गुंडाळायची आणि काठी माझ्या हातात द्यायची. आकडा मला सांगायचा नाही. मी कितीही विचारलं तरी."

दादाला हे आवडलं. भिंगरीने त्याला काही विचारायचं आणि त्याने ते सांगायचं नाही, असा खेळ त्याला कोणी शोधून दिला नव्हता.

सरावाच्या मैदानाच्या एका बाजूला पाणी वाहून जायला खणलेला एक कोरडा चर होता. टीपासून त्याचा पलीकडचा काठ साधारण तेवढाच लांब होता, जेवढा तळ्याचा पलीकडचा काठ. सर नेहमी तसं म्हणायचे. दोघं टोकाच्या जागेवर गेली. ऊन उतरलं होतं, पण चेंडू नीट दिसत होता.

दादाने पाठ वळवली, किल्ली फिरवली, पट्टी गुंडाळली.

"ही पहिली," तो म्हणाला. "मार."

भिंगरीने मारला. चेंडू खालून गेला, चराच्या अलीकडे पडला, टप्पा घेऊन चरात गेला. दुसरा तसाच. तिसरा उजवीकडे.

"हा नऊ होता ना?"

"मला ऐकू येत नाही."

"सांग ना, फक्त हा एक."

"किती वारा सुटलाय," दादा म्हणाला. वारा अजिबात नव्हता.

दुसऱ्या वेळी चेंडू उंच चढला. इतका उंच, की तो वर गेल्यावर भिंगरीला वाटलं, आता खाली यायचं विसरला. मग चराच्या पलीकडे, अगदी काठाला लागून, धप्प पडला आणि तिथेच बसला. तिसऱ्या वेळी चेंडूने कमान घेतली. फार उंच नाही, फार खाली नाही. तो पडला तो चराच्या चांगला पलीकडे, आणि वर दोन टप्पे पुढे गेला. भिंगरीच्या तळहातांना फटका लागल्याचं जाणवलंच नाही. चांगला फटका असाच असतो, हाताला कळतच नाही.

"ही बरी की आधीची?" दादाने आईच्या सुरात विचारलं.

"ही."

"बरं." त्याने पाठ वळवली, बराच वेळ खुडबुड केली, पट्टी चर्रकन ओढली. "आणि आता ही?"

तिने मारला. पुन्हा मारला. ती चेंडूकडे बघत राहिली.

"दादा, तू काहीच बदललं नाहीस."

दादा हसला. "आईची लेक," तो म्हणाला.

अजून एक आकडा राहिला होता, तोही मारून झाला. तो वाईट नव्हता, पण बराही नव्हता. मग दादाने तिने निवडलेल्या आकड्यावर मान आणून स्क्रू आवळला, वर पट्टीचे दोन वेढे घातले आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

त्या रात्री भिंगरी पट्टीशी भांडली. पट्टीचं एक टोक जरासं सुटलं होतं. नखाने उचलायला तेवढं पुरे होतं. नऊ असला तर? म्हणजे शिट्टीचंच खरं ठरेल, पण ती तरी शिकाऊ ठरणार नाही. बारा असला तर? तर सोमवारपासून हा सगळा वेडेपणा केला कशाला? ती उठली, पट्टीवर बोट ठेवलं, परत येऊन पडली. पुन्हा उठली.

"झोप," अंधारातून दादा म्हणाला. "नाहीतर मी ती काठी पांघरुणात घेऊन झोपेन."

शनिवारी सकाळी तळं अगदी शांत होतं. शांत पाणी दिसायला मोठं दिसतं. सर हातात चेंडूंची पिशवी घेऊन उभे होते. भिंगरी सरळ त्यांच्याकडे गेली, कारण थांबली असती तर वळली असती.

"सर, ड्रायव्हरची मान मी फिरवली होती. सोमवारी. तुम्हाला न विचारता. नऊवर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे. "म्हणून ते अंग मागे टाकणं," ते हळूच म्हणाले. "आणि मी आठवडाभर तुझ्या पायांना बोल लावतोय. ही पट्टी कसली?"

"आकडा मला दिसू नये म्हणून. दादाला माहीत आहे. काल आम्ही चरावर मारून बघितलं."

सरांनी दादाकडे पाहिलं. दादा आकाशाकडे पाहत होता.

"असू दे," सर म्हणाले. "पण सुरू झालं की किल्लीला हात लावायचा नाही. दोघांनीही. न विचारता मान फिरवलीस त्याबद्दल आपण नंतर बोलू."

शिट्टी आधी. पहिला चेंडू सापासारखा पाण्यावरून सरपटत गेला आणि पलीकडच्या काठावर जेमतेम चढला. लांब शिट्टी वाजली. दुसरा तसाच खालून गेला आणि काठाच्या थोडा अलीकडे बुडाला. तिसऱ्याला शिट्टीने सगळा जोर लावला. तो उजवीकडे वळून पाण्यात गेला. यावेळी शिट्टी वाजली नाही. नुसतीच हवा बाहेर आली.

म्हणजे एक. भिंगरीला दोन हवे होते.

तिने टी जमिनीत रोवली, चेंडू ठेवला. समोर पाणीच पाणी. पट्टीखाली नऊ असेल का, हा विचार ऐन फटक्याच्या वेळी डोक्यात शिरला, आणि सोमवारपासून लागलेल्या सवयीने तिचं अंग आपोआप मागे गेलं. चेंडू उभा वर चढला आणि तळ्याच्या मधोमध पडला. पाण्यावर गोल गोल रेषा पसरत गेल्या.

शिट्टीने मान पुढे काढली. "कितीवर लावलीय?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? पट्टी काढून बघ ना. चुकीचा असेल तर?"

भिंगरीचं बोट पट्टीच्या सुटलेल्या टोकावर गेलं. आता किल्लीला हात लावता येणार नव्हता. म्हणजे आकडा कळला तरी बदलता येणार नव्हता. तिला शिंपीकाका आठवले. आकडा सांगा ना, आकडा सांगा ना, आणि हातातली सुई तशीच. तिने ते टोक बोटाने दाबून नीट चिकटवलं. मग चेंडू टीवर ठेवला आणि एकच प्रश्न मनात ठेवला, काल चर ओलांडताना अंग कुठे होतं?

मग तिच्यातलं सगळं हलायचं थांबलं.

चेंडूने कमान घेतली. भिंगरीच्या हातांना काही कळलंच नाही. तो पाण्याच्या खूप वरून गेला आणि पलीकडच्या गवतात धप्प पडला. तिने तिसरा ठेवला, जास्त विचार यायच्या आत मारला. तो थोडा डावीकडे गेला, एका झुडपाच्या कडेला पडला, पण पडला पलीकडेच.

"दोन," सर म्हणाले. दादाने दोन्ही हात खिशात घातले, कारण नाहीतर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या आणि शिट्टी शेजारीच उभा होता.

"काढ आता पट्टी," सर म्हणाले. "मलाही बघू दे."

भिंगरीने पट्टी सोलली. खुणेसमोर अकरा होता.

तिला वाटलेला नऊ नव्हता आणि सरांनी लावलेला बाराही नव्हता.

सरांनी वाकून वाचलं. तिच्या पोटरीपर्यंत चढलेल्या विजारीकडे पाहिलं. "मी बारा म्हणालो तेव्हा तू केवढीशी होतीस," ते म्हणाले. "मीच पुन्हा बघायला हवं होतं. पुढच्या वर्षी परत बघू. तेव्हा मात्र मला सांगून."

"हो सर."

"आणि बसमध्ये खिडकीसाठी भांडायचं नाही."

दादा म्हणाला, "खिडकी माझी आहे." पण ते आजचं भांडण नव्हतं.

शिट्टी पाण्याच्या कडेला जाऊन बसला होता. नऊचा ड्रायव्हर शेजारी गवतात आडवा पडला होता. तो खडे उचलून तळ्यात टाकत होता, जिथे त्याचे दोन चेंडू गेले होते अंदाजे तिथेच. भिंगरी तिकडे बघत राहिली. तिचे पाय पुन्हा चुळबुळ करू लागले होते. मग तिने दादाच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि उरलेली काळी चिकटपट्टी उचलून तळ्याकडे गेली.

"कितीचा निघाला?" शिट्टीने मागे न बघता विचारलं.

"नंतर सांगते. आधी तुझा दे इकडे."

"कशाला? आता काय उपयोग? जागा तर गेली."

"संघात पुन्हा कधीतरी जागा होईल. तुझा दे."

शिट्टीने तिच्याकडे वळून ड्रायव्हर उचलून तिच्या हातात दिला. त्याच्या ड्रायव्हरचीही मान तशीच फिरवायची होती. वर्षभर ती नऊवरून हलली नसावी, स्क्रूच्या खाचेत माती बसली होती.

"आता पाठ फिरव," भिंगरी म्हणाली. "आणि मी कितीही वेळ लावला तरी विचारायचं नाही."

शिट्टी गवतातच पुन्हा वळून बसला, तोंड तळ्याकडे. भिंगरीने नखाने खाचेतली माती काढली, किल्ली घातली, आणि मान फिरवायला लागली.